उंबरठ्यापर्यंतची चित्रं

कंदिलाची वात जरा खाली घे. एवढा उजेड पुरे. भिंतीवर सावल्या हलायला लागल्या की मला सलग सांगता येत नाही.

युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या कॉलेजातला इंग्रजीचा वर्ग शत्रूची भाषा म्हणून बंद केला होता, आणि आम्हा मुलींना कुठे ना कुठे कामाला जुंपलं होतं. बाकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात गेल्या. माझ्या दादानं, शिंपेईनं, शब्द टाकून मला त्याच्या चित्रशाळेत चिकटवून दिलं. टोकियोच्या पश्चिम टोकाला, रेल्वेच्या फाटकाजवळ, रेशमाच्या एका जुन्या गोदामात ती चित्रशाळा होती. तिथे हलत्या चित्रांचे सिनेमे बनत. त्या वर्षी आरमारासाठी एक सिनेमा चालू होता. कोल्ह्यांची एक पलटण बेटावर विमानतळ बांधते, असं काहीतरी. असल्या गोष्टी म्हाताऱ्यांना सुचतात आणि मरायला मात्र तरुण लागतात, हे मी तिथे पहिल्याच आठवड्यात बोलून दाखवलं होतं. त्यामुळे आमचे प्रमुख, इवासे मास्तर, मला तोमोए न म्हणता 'पंडिताबाई' म्हणत.

माझं काम होतं ताव धुण्याचं. सेल्युलॉइडचे पारदर्शक ताव असत. पुढच्या बाजूला टाकानं रेघा काढायच्या आणि मागच्या बाजूनं रंग भरायचा. पुढून पाहिलं तर कोल्हा असे, टोपी, बटणं, मिश्या सगळ्यासकट. ताव उलटला की नुसते रंगाचे थापे. ना डोळे, ना तोंड. कॅमेऱ्याला पुढचीच बाजू दिसते, म्हणून मागे काय आहे याची कुणी फिकीर करत नसे. पण ज्या मालातून हे ताव बनत त्यातूनच स्फोटकंही बनत. ताव मिळेनासे झाले. मग चित्रण झालं रे झालं की ते सगळे कोमट पाण्यात सोडा घालून धुवायचे, पुसायचे आणि पुन्हा वापरायचे. धुतलेल्या तावांना कापरासारखा वास येई. माझ्या हातांना, केसांना, जेवणालासुद्धा तो वास लागला होता.

दादा तिथला सगळ्यात चांगला चित्रकार. चालणं काढावं तर त्यानंच. आधी आरशासमोर स्वतः चालून बघायचा आणि मग बसायचा काढायला. लहानपणी झाडावरून पडून त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, ते जरा वाकडंच सांधलं. त्यामुळे चालताना त्याचा डावा खांदा किंचित खाली यायचा. झालं, त्याचे सगळे कोल्हेही डावा खांदा पाडून चालायला लागले. मास्तर ओरडले की आरमाराचे शिपाई असे लोंबकळत चालत नाहीत. दादा हो म्हणाला आणि तसेच काढत राहिला.

त्या हिवाळ्याआधीच्या वसंतात त्याला बोलावणं आलं होतं. तो दक्षिणेला कुठल्या तरी बेटावर गेला. शरद ऋतूपर्यंत पत्रं आली. मग ती थांबली.

घरी आई आणि मी, दोघीच. आई रोज सकाळी दादाचं ताट वाढायची. आमच्याकडे प्रत्येक घरात वाढतात तसंच. दूर गेलेल्या माणसानं तिथे उपाशी राहू नये म्हणून. रताळ्याचा तुकडा, चिमूटभर भात आणि लाखेच्या वाडग्यात मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, पातळ कालवण, वर झाकण. आमचं जेवण होईपर्यंत ते तसंच ठेवायचं आणि मग आई झाकण उचलून आतून बघायची. आत थेंब साचलेले असले की माणूस सुखरूप. त्या वेळी मी श्वाससुद्धा मोठ्यानं घेतलेला तिला चालत नसे.

मी वैतागायचे. "आई, वाफ आहे ती. गरम कालवणावर झाकण ठेवलं की थेंब येणारच."

"तू शिकलेली आहेस," आई म्हणायची. "तुला वाफ दिसते."

मग एक दिवस झाकण कोरडं निघालं.

कालवण गरम होतं. मी स्वतः बोट बुडवून पाहिलं, चटका बसला. बाहेर पाण्याच्या पिंपावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. थेंब न यायला काहीच कारण नव्हतं. आईनं झाकण पुसायच्या फडक्यानं पुसलं, कोरडंच पुसलं, आणि जेवायच्या काड्या ताटाला समांतर ठेवून दिल्या. त्या दिवसापासून तिनं खाणं सोडलं.

मी सगळं करून पाहिलं. समजावलं, भांडले, रडले. गल्लीच्या मंडळाची प्रमुखीण येऊन सांगून गेली की शिपायाच्या आईला असं वागणं शोभत नाही. तिला मी दारातूनच घालवलं. डॉक्टर म्हणाले की औषध द्यायला रोग नाही, ह्यांनी जेवलं पाहिजे. आई कुणाशी वाद घालत नव्हती. मी घास पुढे केला की ती फक्त मान फिरवायची आणि म्हणायची, तो जेवत नाहीये तर मी कशी जेवू. तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावायला लागलं. मग ती उठेनाशी झाली. मी कामावर जाताना तिच्या उशाशी पाणी ठेवायचे, आणि परत आल्यावर दार सरकवायला माझा हात धजायचा नाही.

दादा आला नाही तर आई जाणार, हे मला हिशेबासारखं स्वच्छ दिसत होतं. आणि दादा येणार नव्हता.

त्याच दिवसांत चित्रशाळेत एक कच्चं रीळ बघायला आम्ही बसलो होतो. भरदुपारी खिडक्यांना काळे पडदे लावून. पडद्यावर कोल्हे कुदळी घेऊन चालले होते. आणि त्यांच्या मागून कुणीतरी येत होतं. रंग नव्हता, नुसती रेघ. फार पुसट, काचेवर नखानं ओरखडल्यासारखी. कोल्हा नव्हता तो. माणूस होता. डावा खांदा किंचित पडलेला.

तो आमच्या दिशेनं दोन पावलं चालला, तिसऱ्यासाठी पाय उचलला आणि तसाच थांबला. कोल्हे चालत राहिले. तो पाय वर उचलून उभाच राहिला. मग रीळ संपलं.

मास्तरांनी दिवा लावला आणि धुणं नीट झालं नाही म्हणून मला सगळ्यांसमोर झापलं. टाकाचे ओरखडे राहतात, म्हणाले, सोडा वाढवा. मी ऐकून घेतलं. पण दादानं तिथे एकही माणूस कधी काढला नव्हता. त्याच्या तावांवर ओरखडे राहिलेच असते तर ते कोल्ह्यांचे राहिले असते.

पुढच्या रिळात तो पुन्हा होता. पाय तसाच उचललेला. या वेळी चेहरा थोडा कळत होता... तो कशाची तरी वाट बघत होता. आणि मला एकदम समजलं की त्याच्यासाठी पुढची चित्रंच नाहीत.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. कुठलीही हालचाल काढायची तर मोठा चित्रकार तिचं पहिलं चित्र काढतो आणि शेवटचं काढतो. निघतानाचं आणि पोचतानाचं. मधली सगळी भरायला आमच्यासारखी पोरं असतात. दोन टोकं पक्की असली की मधलं कुणीही भरू शकतं. मला वाटलं, पहिलं चित्र तर आहेच. ते कुणी काढलं कोण जाणे, पण आहे. शेवटचं मी काढते.

हसू नकोस. तुझी आई तुझ्यासमोर रोज थोडी थोडी कमी होत असती तर तूही काढलं असतंस.

मी शेवटचं चित्र काढलं. आमच्या घराचा उंबरठा, बूट काढून ठेवलेले आणि दादा आत पाय टाकतोय. तोंड आईकडे. मग मधली काढायला बसले. ताव कुठून आणणार? दादानं काढलेल्या कोल्ह्यांची एक शेवटची चळत धुवायची राहिली होती. मी ती मुद्दामच मागे लपवून ठेवली होती, आठवण म्हणून. तीच धुतली. त्याच्या हाताच्या रेघा पाण्यात सुटून गेल्या आणि त्या तावांवर मी त्याला काढलं. तरी ताव पुरेनात. मग जिथे तीन चित्रं लागतात तिथे एकावर भागवलं. डोळ्यांची उघडझाप गाळली. पाठ तर काढायचीच नव्हती, तो समोरूनच येणार होता.

रंग वाळत घातले होते तेव्हा मास्तरांनी पकडलं. ते शेवटच्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता मला हाकलतात. पण त्यांचा आवाज चढला नाही.

"हे शेवटचं चित्र तुझं?"

"हो."

"ह्याच्या पुढे काय आहे?"

"ह्याच्या पुढे काही नाही. हे शेवटचंच आहे."

"पडद्यावर माणूस आत शिरला की पुढे काय करतो, ते आधी ठरवावं लागतं, पंडिताबाई. नाही ठरवलं तर दुसरं कुणीतरी ठरवतं."

"पुढे माझी आई जेवेल," मी म्हणाले. "तुमचे कोल्हे काय करतात ते तुम्ही बघा."

ते गेले. जाताना एवढंच सांगितलं की चित्रण झालं की ताव धुवून परत कर.

कॅमेरा चालवणारी किनू माझी मैत्रीण. जेवणाच्या सुटीत तिनं ती चित्रं एकेक करून टिपली. तिनं काही विचारलं नाही. तिचेही दोन भाऊ तिकडेच होते. दिव्यांच्या उष्णतेनं कापराचा वास इतका दाटला की शेवटचा ताव ठेवताना ती खोकायला लागली. तो ताव तिनं टिपला, आणि मी सगळे गोळा करून पेटीत घातले.

घरी पोचले तेव्हा नुकतं अंधारून आलं होतं. दारात बूट होते. मी काढले होते तसे, एक सरळ, एक जरासा कलंडलेला.

आतून आईचं बोलणं ऐकू येत होतं. ती हसत होती.

आई बसली होती. स्वतःच्या बळानं बसली होती, आणि जेवत होती. तिच्यासमोर दादा बसला होता, त्याच्या ताटावर. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडायला हवं होतं. पण कापराचा वास आला, आणि मी उंबरठ्यावरच राहिले.

"बघत काय उभी राहिलीस," आई म्हणाली. "दादा दमलाय. बोलत नाही अजून. त्याला कालवण वाढ."

मी वाढलं. त्यानं वाडगा घेतला. हात खाली होता, मग वाडग्यापाशी होता. मधलं काही नव्हतं... त्याचे डोळे मिटतात का ते मी बघत राहिले. माझे डोळे चुरचुरायला लागले, पाणी आलं. त्याचे मिटले नाहीत.

तरीही मी गप्प बसले. आई वाडगा चाटून पुसून खात होती. तिच्या गालांवर रंग आला होता. हे बघितल्यावर तू तरी काय बोलली असतीस?

मग आई म्हणाली की पाणी तापव.

आमच्या न्हाणीत लाकडी टीप होती, आत बसून न्हायचं मोठं पिंप. सरपण नाही म्हणून कित्येक दिवस आम्ही तापवली नव्हती. आईनं सांगितलं, कुंपणाच्या फळ्या तोड. इतक्या दिवसांनी पोर घरी आलंय, त्याची पाठ मी चोळणार. लहान असताना रोज चोळायचे.

पाठ मी काढलीच नव्हती.

"आई, आज नको. तू अशक्त आहेस. उद्या..."

"तुझं नेहमीचंच. जेवताना वाफ, आंघोळीला उद्या."

मी फळ्या तोडल्या. पाणी तापवलं. जितका वेळ लावता येईल तितका लावला. टिपेतलं पाणी कोमट झालं तेव्हा मला कळलं की मी रोज तावांसाठी करते तितकंच ते कोमट आहे, आणि मी आणखी दोन फळ्या आत सारल्या. निदान कढत असावं. का, ते मला सांगता येणार नाही.

दादा उठला. न्हाणीकडे गेला, पण पाठमोरा झाला नाही. माझ्याकडे तोंड करून मागे मागे सरकत गेला, आणि दारातून आत शिरेपर्यंत त्याची नजर माझ्यावर होती. आई त्याच्या मागून... म्हणजे त्याच्या पुढून, आत गेली. दार लागलं.

आईचं बोलणं ऐकू येत होतं. किती वाळलास, खांदा अजून दुखतो का, तोमोएची जीभ किती चालते हल्ली. पाणी ओतल्याचा आवाज. मग आई म्हणाली, वळ बघू. पाठ कर इकडे.

पाण्याचा आवाज थांबला.

"अगं बाई..." आई म्हणाली. एवढंच. हळू.

मी दाराशी उभी होते. दाराच्या फटीतून वाफ येत होती आणि तिला तोच वास होता. मी हाक मारली. पुन्हा मारली. मी दाराला हात लावला तेव्हा आतून आई शांतपणे बोलली.

"आत येऊ नकोस, तोमोए."

आणि चोळल्याचा आवाज सुरू झाला. फडक्याचा. सावकाश, खाली-वर, खाली-वर. खूप वेळ.

ती बाहेर आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत स्वच्छ होते. मी आत डोकावले. टिपेतलं पाणी नितळ होतं. दादा कोपऱ्यात उभा होता, तोंड माझ्याकडे. मी आईला विचारलं, काय पाहिलंस?

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लहान आहे आणि काहीतरी निर्लज्ज बोलले आहे.

"पाठ कशी का असेना," ती म्हणाली, "आईनं ती चोळायची असते."

अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आलं. मी काढलेली चित्रं उंबरठ्यापाशी संपतात. बसणं मी काढलं नव्हतं. वाडगा घेणं काढलं नव्हतं. न्हाणीकडे मागे मागे सरकत जाणं तर माझ्या स्वप्नातही आलं नसतं. मग ही चित्रं कोण काढतंय? आणि कुणी काढत असेल तर आमच्या रीतीप्रमाणे त्यानं शेवटचं चित्र आधीच काढून ठेवलेलं असणार...

सकाळी आई माझ्याआधी उठली होती. तिनं ताटं वाढली, तिघांची. गुणगुणत होती. मी चुलीपाशी तिला बघत बसले. तिनं वाडग्याचं झाकण उचललं. झाकण वाडग्यावर होतं, मग तिच्या हातात वर होतं. मी डोळे चोळले. तिनं माझ्याकडे मान वळवली. आधी ती दादाकडे बघत होती, आणि मग माझ्याकडे बघत होती.

मी न जेवता निघाले. धावतच फाटकापर्यंत गेले. पेटी चित्रशाळेत होती. ते ताव धुवायचे, बस्स. तो जाईल, आई पुन्हा अन्न सोडेल, तर मी तिच्या तोंडात कोंबेन, दात उचकटून कोंबेन, पण निदान ती माझी आई असेल. मी सोडा टाकला, पाणी कोमट केलं आणि एकेक ताव बुडवायला लागले. दादा माझ्या बोटांखाली सुटत गेला. दूरचा, जवळचा, पाय उचललेला, पाय टेकलेला. मी रडत होते आणि धुत होते. बाहेरून मास्तरांनी विचारलं की झाले का, आणि मी ओरडले की होतायत.

शेवटचा ताव उरला. उंबरठ्याचा. मी तो पाण्यावर धरला.

दादाच्या समोर, आत, चटईवर आई बसलेली होती. मी तिला काढलं नव्हतं. ती रेघ माझ्या हाताची नव्हती, आणि दादाच्याही हाताची नव्हती. त्याची रेघ मी झोपेत ओळखेन. आई हात पुढे करून हसत होती. गालांवर रंग होता. मी ताव उलटला. मागे थापे होते, दोघांचे, आणि बोट लावलं तर आईचा रंग ओला होता. नुकताच भरलेला.

हात पाण्याच्या वर तसाच राहिला. खाली नेला तर ती पुसली जाणार होती.

पाणी निवत गेलं. मास्तरांनी पुन्हा हाक मारली. मी ताव सरळ केला आणि उजेडाकडे धरला, आणि तेव्हा दिसलं की आईच्या शेजारी चटईवर, मी रोज बसते त्या जागी, आणखी एक आसन काढलेलं आहे. रिकामं. रेघ नीट घोटून काढलेली होती, फक्त आत रंग भरायचा राहिला होता.